पहिल्या धारेचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात एका गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि मग विषय निघाला दारूचा. आमच्या बैठकीत तो निघतोच. एक काकू म्हणाल्या, "आमचे धाकटे दीर मला सांगतात, वहिनी, तुम्ही उगाच घाबरता. दारूत काही वाईट असलंच तर ते पहिल्या वाफेबरोबर निघून जातं. पहिली धार थोडी सांडून द्यायची, की पुढची चांगली." त्यावर शेजारी बसलेली दुसरी बाई म्हणाली, "अगं, पण पहिल्या धारेचीच तर जास्त मागतात. तिचेच पैसे जास्त."

आता यातलं खरं कोणतं? पहिल्या धारेत नेमकं काय येतं, मागे काय राहतं, आणि विष असेल तर ते वाफेबरोबर खरंच निघून जातं का? बैठकीत कुणालाच सांगता येईना. आम्हालाही नाही. आम्ही समन्वयक बाया, बी.ए. झालेल्या. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीलाच संपला. शेवटी एका ताईच्या मुलीचं बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक आणलं आणि तिलाच शिक्षिका केलं. धड्याचं नाव होतं द्रावणे. त्यात 'आदर्श द्रावण' आणि 'अनादर्श द्रावण' असे शब्द आले तेव्हा आम्ही हसलो. आदर्श सून माहीत होती, आदर्श गाव माहीत होतं, आदर्श द्रावण पहिल्यांदाच ऐकलं. पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या शब्दांतच होतं. ते शब्द कुठून आले, हा इतिहास शोधता शोधता आम्ही फ्रान्सपासून मालवणीपर्यंत जाऊन आलो. तेच आज सांगणार आहोत.

सुरुवात एका बाईपासून करू. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात, पंधराशे वर्षांहूनही आधी, मारिया नावाची एक यहुदी बाई होऊन गेली. तिचं स्वतःचं लिखाण उरलेलं नाही. पण इसवी सन ३०० च्या सुमारास झोसिमस नावाच्या माणसाने जे लिहून ठेवलं, त्यात तिची भांडी आली आहेत. वाफ वर जाऊन थंड व्हावी आणि तीन नळ्यांतून थेंब थेंब खाली यावी, असं तांब्याचं भांडं तिच्या नावावर आहे. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आच द्यायची पद्धत आपल्याही स्वयंपाकात आहे. फ्रेंच लोक तिला आजही 'मारियाचं स्नान' म्हणतात. म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या इतिहासात नावानिशी ओळखता येणाऱ्या पहिल्या माणसांत एक बाई आहे. पुढे हेच तंत्र दारूच्या भट्टीला लागलं, त्याला तिचा इलाज नाही.

भट्टी चालवणाऱ्याला एवढंच ठाऊक होतं की तापवलं की कडक भाग आधी येतो. का येतो, हे शेकडो वर्षं कुणी विचारलं नाही. विचारायची गरज पहिल्यांदा पडली ती सरकारला, आणि तीही कर वसूल करायला. इंग्रज सरकारला दारूच्या कडकपणावर कर लावायचा होता. त्यासाठी १७९० च्या सुमारास चार्ल्स ब्लॅग्डेन यांच्याकडे काम आलं. जॉर्ज गिल्पिन यांनी दारू आणि पाणी वेगवेगळ्या मापात मिसळून, वजनं करून, तक्त्यांमागून तक्ते तयार केले. एवढे तक्ते का लागले? कारण साधी बेरीज चालत नव्हती. अर्धा लिटर शुद्ध अल्कोहोल आणि अर्धा लिटर पाणी एकत्र केलं तर एक लिटर होत नाही. सुमारे ९६५ मिलिलिटरच भरतं. सांडलेलं काही नसतं. दोन्हीचे कण एकमेकांत असे बसतात की जागा कमी लागते. आपण गहू आणि मोहरी एकाच डब्यात भरली तर मोहरी फटींत शिरते, थोडंसं तसंच. पण इथे नुसता आकाराचा खेळ नाही. कण एकमेकांना ओढतात, ढकलतात, त्याचाही भाग आहे. बेरीज का चुकते, हे कोडं तिथूनच सुरू झालं.

मधे थोडं वाफेविषयी सांगायला हवं. ओलं लुगडं वाळतं तेव्हा पाणी उकळत नसतं, तरी ते जातं. कारण पाण्याच्या वरच्या थरातले काही कण सतत सुटून हवेत जात असतात. झाकलेल्या भांड्यात ते वर साठतात आणि झाकणाला रेटा देतात. त्या रेट्याला बाष्पदाब म्हणतात. हातावर स्पिरिट घेतलं की गार लागून लगेच उडतं, पाणी रेंगाळतं, आणि गोडेतेल तर दिवसभर तसंच राहतं. ज्याचा बाष्पदाब जास्त, त्याला निघायची घाई जास्त. इंग्लंडमधल्या जॉन डाल्टन या विणकराच्या मुलाने १८०१ च्या सुमारास या दाबाची मापं घेतली. वेगवेगळे वायू एका भांड्यात असले तर प्रत्येक आपापला दाब देतो आणि एकूण दाब म्हणजे सगळ्यांची बेरीज, हेही त्यानेच सांगितलं.

आता प्रश्न असा, की दोन द्रव एकत्र केले तर वाफेत कोण किती येईल? याचं उत्तर मिळालं फ्रान्समध्ये. फ्रान्स्वा-मारी राउल (आपल्या पुस्तकात त्यांना राउल्ट म्हणतात) १८३० साली उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मले. घरची परिस्थिती बेताची होती. बरीच वर्षं गावोगावच्या शाळांत शिकवत त्यांनी अभ्यास केला. १८६७ साली ते ग्रेनोबल या डोंगराळ भागातल्या शहरी विद्यापीठात आले आणि १९०१ साली वारले तोवर तिथेच राहिले. राजधानीपासून लांब, साधी उपकरणं, आणि वर्षानुवर्षं तेच काम. एका द्रवात दुसरा पदार्थ घालायचा, बाष्पदाब मोजायचा, लिहून ठेवायचा. पुन्हा घालायचा, पुन्हा मोजायचा. आपली गटाची वही वर्षानुवर्षं नीट ठेवणाऱ्या बाईला या माणसाचं मोल कळेल.

१८८७ साली त्यांनी नियम मांडला. तो सोपा आहे. समजा, एसटीच्या दाराशी शंभर माणसं उभी आहेत. त्यात पन्नास आपल्या गावची आणि पन्नास शेजारच्या गावची. दार उघडलं की आपल्या गावची माणसं आधीच्या निम्म्या वेगाने आत जातील, कारण दारातल्या निम्म्या जागा दुसऱ्यांनी अडवल्या आहेत. द्रवाच्या पृष्ठभागावर तेच होतं. शंभर कणांत एखाद्या द्रवाचे जितके कण, त्याच्या मूळ बाष्पदाबाचा तितकाच हिस्सा उरतो. हिशेब सरळ त्रैराशिकाचा.

पण यात एक अट दडली आहे. शेजारच्या गावच्या माणसांनी आपल्या माणसांना धक्काही द्यायचा नाही आणि हात धरून थांबवायचंही नाही. परके आणि आपले असा भेदच नको. ज्या मिश्रणात असं घडतं ते आदर्श द्रावण. म्हणून ते क्वचितच सापडतं. एकाच घराण्यातले, सारख्या स्वभावाचे द्रव असतील तरच ते जमतं. लाइपझिग इथे यान झाविड्झ्की यांनी १९०० साली बऱ्याच जोड्या घेऊन बारकाईने मोजमाप केलं. काही जोड्या राउलच्या सरळ रेषेवर बसल्या, काही रेषेच्या वर गेल्या, काही खाली.

वर गेलेल्या म्हणजे एकमेकांशी न पटणाऱ्या. दारू आणि पाणी ही त्यातलीच जोडी. अल्कोहोलच्या कणाचं एक टोक पाण्याशी सलगी करतं, पण दुसरं टोक तेलासारखं असतं. पाण्याच्या मोठ्या घोळक्यात असा एखादा कण सापडला तर त्याला बाहेरची वाट दाखवली जाते. किती? उकळत्या मिश्रणात शंभर कणांमागे तीन अल्कोहोलचे असतील, तर राउलच्या नियमाने वाफेत सहा-सात यायला हवेत. प्रत्यक्षात वीसहून जास्त येतात. हातभट्टीच्या सडव्यातून पहिली धार एवढी कडक का येते, याचं कारण हे आहे. नुसतं 'अल्कोहोल लवकर उकळतं' एवढ्याने ते भागत नाही. पाणी त्याला ढकलून बाहेर काढतं. म्हणजे आमच्या बैठकीतल्या दुसऱ्या बाईचं म्हणणं बरोबर निघालं.

हीच धार पुन्हा भट्टीत घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली, तर शेवटी निव्वळ अल्कोहोल मिळेल असं वाटतं. मिळत नाही. शंभर ग्रॅममध्ये ९५.६ ग्रॅमवर गाडी अडते. कारण आता घोळका अल्कोहोलचा झालेला असतो आणि पाण्याचे थोडे कण उपरे ठरतात. मग त्यांनाही बाहेर ढकललं जातं. द्रवात जेवढं पाणी, वाफेतही तेवढंच. मग कितीही वेळा उकळा. द्मित्री कोनोवालोव या रशियन शास्त्रज्ञाने १८८१ साली, म्हणजे राउलच्याही आधी, हे ओळखलं होतं. मिश्रणाचा बाष्पदाब जिथे सर्वांत जास्त किंवा सर्वांत कमी असतो, तिथे वाफ आणि द्रव सारखेच होतात आणि ऊर्ध्वपातन हात टेकतं. पुढे सिडनी यंग यांनी १९०२ साली तिसरा द्रव, बेंझीन, घालून उरलेलं पाणी काढून दाखवलं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही पेट्रोलात मिसळायचं इथेनॉल नुसतं उकळून कोरडं होत नाही. शेवटचं पाणी शोषून घ्यायला बारीक छिद्रांच्या दाण्यांनी भरलेले मनोरे लागतात.

रेषेखाली गेलेल्या जोड्या उलट्या स्वभावाच्या. एकमेकांना धरून बसतात, वाफ होऊ देत नाहीत. सोनाराकडचं तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल आणि पाणी अशी जोडी आहे. दोन्हीपैकी एकटं असतं तर शंभरच्या आतबाहेर उकळलं असतं. ६८ टक्क्यांच्या मिश्रणात ते सुमारे १२० अंशांपर्यंत दम धरतं. बाजारात तेजाब ६८ टक्क्यांचं मिळतं ते त्यामुळेच.

या वाकड्या रेषांचं पहिलं सोयीचं गणित व्हिएन्नाच्या माक्स मारगुलेस यांनी १८९५ साली मांडलं. ते आजही वापरतात. खरं तर ते हवामानखात्यातले. लवकर नोकरी सोडली आणि तुटपुंज्या पेन्शनवर राहिले. पहिल्या महायुद्धानंतर महागाई एवढी वाढली की पेन्शनला काही किंमत उरली नाही. मदत घ्यायला ते तयार नव्हते, आणि १९२० साली उपासमारीने वारले. हे वाचल्यावर त्या दिवशी आमचा धडा बराच वेळ तिथेच थांबला. महागाईत बुडालेल्या बचतीवर आमच्यातल्या प्रत्येकीला काहीतरी बोलायचं होतं.

आता काकूंच्या दिरांच्या बोलण्याकडे येऊ. तिथे दोन अल्कोहोलांची गोष्ट आहे. पिण्याच्या दारूत असतं ते इथेनॉल. दुसरं मिथेनॉल. पूर्वी ते लाकूड भट्टीत कोंडून तापवून काढत, आता कारखान्यात तयार होतं. रंग, थिनर, रसायनं यांत त्याचा उपयोग होतो. दिसायला पाण्यासारखं, वासाला जवळपास दारूसारखं. पोटात गेलं की यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. ते डोळ्यांची नस जाळतं आणि जीवही घेतं.

हे दोघे एका घराण्यातले सख्खे भाऊ. त्यामुळे एकमेकांत मिसळले की जवळपास आदर्श द्रावण होतं. ऐकायला चांगलं वाटतं, पण घात इथेच आहे. वीस अंश तापमानाला मिथेनॉलचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ९८ मिलिमीटर आणि इथेनॉलचा ४४. म्हणजे शंभर कणांत पन्नास-पन्नास असतील, तर राउलच्या त्रैराशिकाने वाफेत मिथेनॉलचे साधारण ६९ आणि इथेनॉलचे ३१. मिथेनॉल जास्त आलं खरं, पण सगळं नाही आलं. मागे भांड्यात ते आहेच, आणि धारेतही दोन्ही आहेत. त्यांना वेगळं करायला अनेक मजल्यांचा उंच मनोरा लागतो, जिथे वाफ आणि द्रव मजल्यामजल्यावर पुन्हापुन्हा भेटतात. एका मडक्याने ते होत नाही.

सरकारांना हे चांगलं ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये १८५५ साली कायदा झाला. कारखान्यांना करमुक्त स्पिरिट द्यायचं, पण ते कुणी पिऊ नये म्हणून नऊ भागांत एक भाग लाकडाचं कच्चं स्पिरिट मिसळायचं. चव बिघडवायची आणि सहजी काढता येऊ नये असं काहीतरी घालायचं, हा हेतू. आपण मेथिलेटेड स्पिरिट म्हणतो ते हेच. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिथे चोरटे धंदेवाले रसायनतज्ज्ञ पगारावर ठेवून कारखान्याचं स्पिरिट 'शुद्ध' करून विकत. मग सरकारने १९२६ च्या अखेरीस विष आणखी वाढवायचं ठरवलं. त्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये कित्येक माणसं मेली. तिथले मुख्य वैद्यकीय तपासणी अधिकारी चार्ल्स नॉरिस यांनी उघड सांगितलं की या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवर येते. आम्ही दारूबंदीच्या बाजूच्या. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली त्यामागे बायांचं किती बळ होतं, ते आम्ही अभिमानाने सांगतो. आडव्या बाटलीसाठी रांगेत उभं राहणाऱ्या बायाही आम्ही पाहिल्या आहेत. तरी हे आम्हाला पटत नाही. पिणाऱ्याला धडा शिकवायला विष वाढवलं, तर त्याची किंमत त्याच्या घरी बसलेली बाई मोजते.

आपल्याकडे जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. कारण मिथेनॉल. मजुरी करून परतणारी माणसं होती ती, आणि मागे राहिली त्यांची घरं. गुळाच्या किंवा मोहाच्या सडव्यात आपोआप होणारं मिथेनॉल थोडं असतं. एका रात्रीत वस्ती साफ होते ती बाहेरून आणून ओतलेल्या मिथेनॉलमुळे.

मग पहिली धार सांडली तर? बारावीतल्या आमच्या शिक्षिकेने इथे वहीवर रेघ मारून दाखवलं, आणि सगळ्या गप्प झाल्या. मडक्यात नुसते दोन भाऊ नसतात, बहुतेक पाणीच असतं. आणि पाण्यात हिशेब उलटतो. इथेनॉलचं तेलकट टोक मोठं, म्हणून पाणी त्याला जोरात ढकलतं. मिथेनॉलचं टोक लहान, त्याचं पाण्याशी बऱ्यापैकी जमतं, म्हणून ते रेंगाळतं. पाणी खूप असेल तेव्हा इथेनॉलच पुढे पळतं आणि मिथेनॉल मधल्या धारेत, शेवटच्या धारेतही येत राहतं. पहिली वाटी ओतून दिली तरी विष मागच्या बाटलीत आहे. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८ ला, म्हणून ते आधी निघून जाईल, हा समज ज्याने पसरवला त्याने दोघांना वेगवेगळं उकळून पाहिलं असेल. एकत्र, पाण्यात, तसं होत नाही.

काकूंनी लगेच विचारलं, "आणि पेटवून बघतात ते? निळी ज्योत आली की चांगली म्हणतात." मिथेनॉलही निळंच जळतं, उजेडात तर ज्योत दिसतही नाही. वास, चव, ज्योत, फेस, यातल्या कशानेही ओळख पटत नाही. प्रयोगशाळेतच कळतं.

एक गोष्ट मात्र घरात ओळखता येते, ती नीट ऐका. मिथेनॉलचा त्रास लगेच होत नाही. माणूस पितो, झोपतो, आणि बारा ते चोवीस तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, डोकं आणि पोट दुखायला लागतं, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो, डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं दिसायला लागतं. "कालची उतरली नाही" म्हणून त्याला झोपू देऊ नका. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात दारू प्यायल्याचं लपवू नका. पोलिसांच्या भीतीने लपवतात आणि वेळ जातो. त्याच भट्टीची प्यायलेले दुसरे कोण, हेही सांगा. त्यांना त्रास सुरू झाला नसेल तरी त्यांना घेऊन जा.

उपचार आहे. यकृताचं मिथेनॉलवरचं काम थांबवणारं औषध देतात, आणि गरज पडली तर यंत्राने रक्त शुद्ध करतात. ते औषध नसेल तिथे डॉक्टर मोजूनमापून शुद्ध इथेनॉलच देतात. यकृत दोघांपैकी इथेनॉलला आधी हात घालतं, तोवर मिथेनॉल विष न होता शरीराबाहेर पडत राहतं. हे डॉक्टरांचं काम, रक्त तपासून करायचं. घरी आणखी पाजून हे साधत नाही.

त्या बैठकीनंतर काकू घरी गेल्या आणि दिरांना सगळं सांगितलं म्हणे. ते म्हणाले, "तुम्ही बाया आता रसायनशास्त्र शिकणार?" पुढच्या बैठकीत काकूंनी आम्हाला हे सांगितलं आणि विचारलं, "ते बारावीचं पुस्तक अजून आठ दिवस ठेवलं तर चालेल का?"